बुसान : तीन दिवसांची पहिली भेट



परमुलखात जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो "तेथे काय काय पाहायचे?" हा. मुक्काम महिनाभराचा असेल तर हा प्रश्न ठीक आहे. मुक्काम तीन दिवसांचा असेल, तर त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो म्हणजे "काय काय सोडायचे?" आम्हां शिक्षकांना हे लवकर कळते. पाठाचे टाचण करताना जो एका तासात तीन धडे उरकायला जातो, त्याचा एकही धडा मुलांच्या मनात उतरत नाही. प्रवासाचेही तसेच आहे. आज मी आपणांशी दक्षिण कोरियातील बुसान ह्या बंदराच्या शहराविषयी बोलणार आहे. आणि तेही तेथे प्रथमच, तीन-चार दिवसांसाठी, बेताचे पैसे गाठीशी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने.

हा विषय एके काळी आपल्याला फार दूरचा वाटला असता. आज तसे नाही. पुण्याजवळ रांजणगावला आणि तळेगावला कोरियन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत, आणि कामानिमित्त कोरियाला जाणारे मराठी अभियंते आता नवलाचे राहिलेले नाहीत. ह्युंदाईच्या मोटारी जेथे तयार होतात ते उल्सान शहर बुसानपासून आगगाडीने साधारण सव्वा तासावर आहे. मुलगा किंवा सून तिकडे कामाला असली, की आईवडिलांची एक फेरी होतेच. अशा फेरीत दोन दिवस नुसते धावण्यात आणि तिसरा दिवस पाय चेपण्यात जाऊ नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. जुन्या पुस्तकांत आणि युद्धकाळच्या बातम्यांत 'पुसान' असे नाव आढळते. शहर तेच आहे. ह्या नावातील पहिला कोरियन वर्ण आपल्या 'प' आणि 'ब' यांच्या मधोमध कोठेतरी उच्चारला जातो. कोरियन सरकारने २००० साली रोमन अक्षरांत नावे लिहिण्याचे नियम बदलले, आणि पुसानचे बुसान झाले. नावाचा अर्थ 'काहिलीचा डोंगर' असा आहे. हा डोंगर शब्द ध्यानात ठेवावा, कारण बेत आखताना तोच आपल्याला पुनःपुन्हा आडवा येणार आहे.

बुसान हे दक्षिण कोरियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. वस्ती सुमारे बत्तीस-तेहतीस लाख. देशाच्या आग्नेय टोकाला, नाकदोंग नदीच्या मुखाशी ते वसले आहे. कोरियातील सर्वांत मोठे बंदर हेच, आणि मालाच्या पेट्यांची चढउतार करणाऱ्या जगातील अग्रगण्य बंदरांत त्याची गणना होते. मुंबई किंवा मुरगाव पाहिलेल्या माणसाला बंदर म्हणजे काय हे सांगायला नको. परंतु मुंबई जशी एका पट्टीसारखी लांब पसरली आहे, तसे बुसानचे नाही. डोंगरांची बोटे थेट समुद्रात उतरली आहेत, आणि दोन बोटांच्या मधल्या बेचक्यांत एकेक वस्ती दाटीने बसली आहे. त्यामुळे नकाशावर जी दोन ठिकाणे शेजारी दिसतात, त्यांच्यामध्ये बोगदा, पूल किंवा चढाव असतो. पश्चिमेकडील जुन्या बंदरापासून पूर्वेकडील हेउंदेच्या किनाऱ्यापर्यंत भुयारी रेल्वेने जायला जवळजवळ एक तास लागतो. दिवसातून दोनदा ही ये-जा केली, की दिवसाचा चतुर्थांश गेला.

तेव्हा पहिला नियम असा, की स्थळांची यादी करू नये. शहराचे भाग पाडावेत, आणि एका दिवशी एकच भाग घ्यावा. बुसानचे तीन भाग सोयीने पडतात. पहिला, जुन्या बंदराचा नैर्ऋत्येकडचा भाग : नाम्पो, जागालची आणि त्यांच्या पाठीमागच्या टेकड्या. दुसरा, मधला भाग : सोम्योन, संयुक्त राष्ट्रांची स्मारक दफनभूमी आणि ग्वांगअल्लीचा किनारा. तिसरा, पूर्वेचा किनारा : हेउंदे आणि त्यापलीकडील समुद्रकाठचे मंदिर. भुयारी रेल्वेचा पहिला मार्ग जुन्या भागातून उत्तरेकडे जातो, दुसरा पूर्वेच्या किनाऱ्याकडे जातो, आणि हे दोन्ही सोम्योन स्थानकावर एकमेकांना छेदतात. म्हणून पहिल्या भेटीत मुक्काम सोम्योनच्या आसपास किंवा बुसानच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ करावा. समुद्र दिसणारी खोली हेउंदेला मिळते खरी. परंतु तिचे भाडे अधिक, आणि जुन्या शहरात जाण्याची दगदग वेगळीच.

आता तेथे पोहोचावे कसे ते पाहू. भारतीय पारपत्रधारकाला दक्षिण कोरियात जाण्यासाठी आधी व्हिसा काढावा लागतो. दिल्लीला कोरियन वकिलात आहे. मुंबईला आणि चेन्नईला वाणिज्य दूतावास आहेत. कोणत्या राज्यातील अर्ज कोठे द्यायचा हे ठरलेले असते, तेव्हा गोव्याच्या, बेळगावच्या, इंदूरच्या किंवा हैदराबादच्या माणसाने ते आधी नीट विचारून घ्यावे. विमानाचे तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच पक्के करावे. दिल्लीहून सेऊलच्या इंचॉन विमानतळावर थेट विमाने जातात. बुसानचा स्वतःचा विमानतळ गिम्हे हा आहे, आणि बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग अशा ठिकाणी विमान बदलून तेथे परस्पर उतरता येते. फक्त बुसानच पाहायचे असेल तर हा दुसरा मार्ग बरा. गिम्हे विमानतळावरून छोटी हलकी रेल्वे निघते. ती सासांग स्थानकावर भुयारी रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाला मिळते.

सेऊलहून यायचे असेल तर विमानाचा विचारही करू नये. वेगवान आगगाडी साधारण अडीच-पावणेतीन तासांत बुसानच्या मुख्य स्थानकात आणून सोडते. साध्या वर्गाचे भाडे सुमारे साठ हजार वॉन आहे. गेल्या काही वर्षांत एका रुपयाला पंधरा-सोळा वॉन पडत आले आहेत. त्या हिशेबाने हे भाडे साडेतीन ते चार हजार रुपये होते. मात्र शरद ऋतूतील छुसक नावाचा सण आणि चांद्र नववर्ष या दिवसांत सारा देश आपापल्या गावी निघतो. आपल्याकडे गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था होते, तीच तेथे होते. ह्या सणांच्या तारखा चंद्रावर चालतात, म्हणून त्या दरवर्षी बदलतात. बेत आखण्यापूर्वी त्या अवश्य पाहाव्यात.

ऋतूंविषयी थोडक्यात सांगतो. जूनअखेर पाऊस सुरू होतो आणि जुलैभर रेंगाळतो. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांची भीती असते. ऑगस्टमध्ये हेउंदेच्या वाळूवर पाय ठेवायला जागा नसते. मार्चअखेर ते मे, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दोन काळ सर्वांत सुखाचे. चेरीचा फुलोरा मार्चच्या शेवटी आणि एप्रिलच्या आरंभी येतो. हिवाळा सेऊलपेक्षा सौम्य असतो, तरी गोव्याच्या किंवा वडोदऱ्याच्या माणसाला समुद्रावरचा तो वारा झोंबल्यावाचून राहणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. तीन दिवसांपैकी पहिला, म्हणजे पायांत बळ आणि मनात उत्साह असलेला दिवस, जुन्या भागाला द्यावा. बहुतेक प्रवासी आधी वाळूच्या किनाऱ्यावर जातात आणि उरलासुरला वेळ जुन्या शहराला देतात. मला हे उलटे वाटते. किनारे सुंदर आहेत. परंतु किनारा आपल्यालाही काही नवा नाही. बुसान असे का दिसते, ही घरे डोंगराच्या माथ्यापर्यंत का चढली, येथील बाजार इतके मोठे का, ह्या प्रश्नांची उत्तरे जुन्या भागात आहेत. आणि ती कळली, की मग पुढचे दोन दिवस डोळे वेगळ्या रीतीने पाहू लागतात.

ती हकीकत अशी. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिणेवर स्वारी केली. ऑगस्टपर्यंत जवळजवळ सारा देश त्या सैन्याच्या हाती गेला आणि आग्नेयेचा एक लहानसा कोपरा तेवढा शिल्लक राहिला. त्या कोपऱ्याची एक सीमा नाकदोंग नदी होती, आणि त्याचे बंदर बुसान होते. सप्टेंबरच्या मध्यावर इंचॉन येथे संयुक्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या तेव्हा वेढा सैलावला. परंतु युद्ध १९५३ पर्यंत चालूच राहिले, आणि त्यांतील सुमारे एक हजार दिवस बुसान ही दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होती. देशभरातून निर्वासितांचे लोंढे ह्या एका शहरात येऊन थांबले, कारण पुढे समुद्र होता. सपाट जमीन संपली तेव्हा लोक टेकड्यांवर चढले. फळ्या, पत्रे, लष्करी खोक्यांचे पुठ्ठे, जे मिळेल त्याची खोपटी त्यांनी बांधली. आमी-दोंग नावाच्या वस्तीत तर जपानी राजवटीतील जुने स्मशान होते. त्या थडग्यांच्या शिळा निर्वासितांनी घरांच्या पायाला आणि पायऱ्यांना लावल्या. काही आजही तेथे दिसतात. आपल्याकडे फाळणीनंतर ज्यांनी निर्वासितांच्या छावण्या पाहिल्या, किंवा वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या कथा ऐकल्या, त्यांना ह्याहून अधिक सांगायला नको.

हे मनात ठेवून पहिल्या दिवसाचा मार्ग आखावा. सकाळी जागालचीचा मासळीबाजार गाठावा. कोरियातील सर्वांत प्रसिद्ध मासळीबाजार तो हाच, आणि त्याची खरी मालकी तेथील बायकांची आहे. युद्धानंतर कुटुंबे ज्यांनी ह्या बाजारावर पोसली, त्या स्त्रियांच्या बोलण्याचा ठसका साऱ्या देशाला माहीत आहे. मालवणच्या, कारवारच्या किंवा पणजीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला भाषा कळली नाही तरी घासाघीस कळेल. जवळच सुक्या मासळीची दुकाने आहेत. तेथील वास नाकात शिरला, की आपल्याकडील सुकट-बोंबिलांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतील. बाजाराची मुख्य इमारत महिन्यातील काही मंगळवारी बंद असते, तेवढे पाहून जावे.

तेथून चालत जाण्याच्या अंतरावर गुकजे बाजार आहे. गुकजे म्हणजे 'आंतरराष्ट्रीय'. हे भारदस्त नाव, पण निर्वासितांनी पोटासाठी मांडलेल्या दुकानांतून आणि लष्करी गोदामांतून बाहेर आलेल्या मालातून तो वाढला. त्याच्या टोकाला बोसु-दोंगची पुस्तकांची गल्ली आहे. तिचा आरंभही युद्धातलाच. घरदार सोडून आलेल्या माणसांनी जुनी पुस्तके रस्त्यावर मांडून विकली, आणि त्या वेळी टेकड्यांवर तंबूंतून भरणाऱ्या शाळांची मुले ती विकत घेऊ लागली. पोटाला पुरेसे नसताना पुस्तकाचे दुकान चालते, ही गोष्ट कोणाही शिक्षकाने एकदा तेथे उभे राहून मनाशी आणावी. आज त्या गल्लीतील दुकाने कमी होत चालली आहेत. म्हणूनच ती पाहण्याची घाई करावी.

दुपारनंतर गामचॉन. तोसाँग स्थानकावरून छोटी बस वर नेते. डोंगराच्या उतारावर निळी, पिवळी, गुलाबी अशी लहान लहान घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात. हीदेखील १९५० नंतरच्या दशकात निर्वासितांनी आणि थेगुकदो नावाच्या एका पंथाच्या अनुयायांनी वसवलेली गरिबांची वस्ती. मागच्या घराचा उजेड व दृष्टी पुढच्या घराने अडवू नये, अशा रीतीने ती पायऱ्यापायऱ्यांनी बांधली गेली. २००९ पासून चित्रकारांनी व रहिवाशांनी मिळून तिला रंगरूप दिले, आणि आता जगभरचे लोक तेथे छायाचित्रे काढायला येतात.

येथे थोडे थांबून बोलले पाहिजे. गामचॉन हे प्रदर्शन नाही. त्या रंगीत दारांच्या आत म्हातारी माणसे झोपलेली असतात, चुलीवर भात शिजत असतो, दोरीवर कोणाचे कपडे वाळत असतात. येणाऱ्यांच्या गलबल्याने रहिवाशी त्रासून गेल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत, आणि हळू बोला, घरांत डोकावू नका, अशा पाट्या जागोजागी लावल्या आहेत. आपल्या वाड्यात किंवा वाडीत उद्या कोणी परका कॅमेरा घेऊन शिरला आणि आपल्या आजीच्या तुळशीपुढे उभा राहून हसू लागला, तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार केला म्हणजे तेथे कसे वागावे हे निराळे शिकवावे लागत नाही. मुख्य वाटेने चालावे, माणसांचे छायाचित्र विचारल्यावाचून काढू नये, एखाद्या रहिवाशाच्या दुकानातून काही विकत घ्यावे, आणि अंधार पडण्यापूर्वी खाली यावे. गुडघे दुखत असतील त्यांनी वरच्या सज्जावरून वस्ती पाहून समाधान मानावे; खाली उतरणाऱ्या पायऱ्या पुन्हा चढायच्या असतात!

पहिला दिवस शनिवार असेल तर योंगदो पुलाची वेळ साधावी. हा पूल १९३४ साली बांधला गेला. जहाजांना वाट देण्यासाठी ज्याचा एक भाग वर उचलला जातो, असा कोरियातील तो पहिला पूल. युद्धात ताटातूट झालेली कुटुंबे "हरवलोच तर योंगदोच्या पुलाशी भेटू" असे एकमेकांना सांगत, कारण बुसानमधील तेवढे एकच ठिकाण सर्वांना ठाऊक होते. पुलाच्या कठड्यावर आप्तांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. पुढे अनेक वर्षे पूल उचलणे बंद होते. २०१३ पासून ते पुन्हा सुरू झाले, आणि अलीकडे शनिवारी दुपारी दोन वाजता पूल उचलला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देयॉन स्थानकाजवळील संयुक्त राष्ट्रांच्या स्मारक दफनभूमीत जावे. जगात अशी ही एकच आहे. १९५१ साली ती सुरू झाली. सुमारे तेवीसशे सैनिक तेथे विसावले आहेत : ब्रिटिश, तुर्की, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन आणि इतर. एका काळ्या भिंतीवर संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने लढताना मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक परदेशी सैनिकांची नावे कोरली आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. साधे, नीटनेटके कपडे असावेत, आणि आवाज हळू असावा.

भारताने त्या युद्धात लढाऊ फौज पाठवली नव्हती. परंतु ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली २० नोव्हेंबर १९५० रोजी ह्याच बुसान बंदरात उतरली होती, आणि तिने जखमींची मोठी सेवा केली. वैद्यकीय पथके पाठवणाऱ्या देशांचे एक स्मारक योंगदो बेटाच्या टोकाला, थेजोंगदेच्या कड्यांजवळ आहे. त्यांत भारताचाही मान आहे. युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळण्याचे अवघड काम भारतीय संरक्षक दलाकडे आले. त्या दलाचे सेनापती कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात होते. दक्षिण कोरियाचे सरकार भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते. म्हणून इंचॉनला आलेले हे जवान हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. बुसानला जाणाऱ्या मराठी माणसाला ती माहीत असावी.

दुपारी विश्रांती घ्यावी, आणि संध्याकाळी ग्वांगअल्लीच्या वाळूवर जाऊन बसावे. समोर सात किलोमीटरांहून लांब, दोन मजली ग्वांगान पूल समुद्रावरून गेलेला दिसतो. तो २००३ साली वाहतुकीला खुला झाला. रात्री त्यावर दिवे लागतात, आणि शनिवारी आकाशात उडत्या दिव्यांची चित्रे काढली जातात. येथे काहीही 'पाहायचे' नसते. नुसते बसायचे असते. बेतात अशी एक रिकामी संध्याकाळ असावीच.

तिसरा दिवस पूर्वेचा. हेदोंग योंगगुंगसा हे बौद्ध मंदिर अगदी समुद्राच्या खडकांवर आहे. कोरियातील बहुतेक जुनी मंदिरे डोंगरांत असताना हे लाटांच्या तुषारांत उभे आहे. १३७६ साली ते स्थापन झाले असे सांगतात. आताच्या इमारती विसाव्या शतकातील आहेत. एकशे आठ पायऱ्या उतरून तेथे जावे लागते, आणि हा आकडा आपल्याला ओळखीचा आहे. गर्दीच्या आत, म्हणजे सकाळी लवकर जावे. परतताना सोंगजोंगपासून मिपोपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून समुद्रकाठाने हळूहळू धावणारी छोटी गाडी मिळते. नंतर हेउंदेचा दीड किलोमीटरचा किनारा, आणि त्याच्या टोकाला दोंगबेक हे झाडीचे लहानसे टेकाड. २००५ साली आशिया-पॅसिफिक देशांच्या प्रमुखांची परिषद जेथे भरली ते गोल सभागृह तेथेच आहे.

चौथा दिवस हाती असेल तर दोन पर्याय आहेत. एक, उत्तरेच्या डोंगरातील बोमोसा हे इ. स. ६७८ मध्ये स्थापन झालेले मंदिर. दुसरा, गिम्हे. तेराव्या शतकातील एका कोरियन ग्रंथात अशी कथा आहे, की आयुता नावाच्या दूरच्या देशाची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी विवाहबद्ध झाली. आयुता म्हणजे अयोध्या असे अनेक कोरियन कुटुंबे श्रद्धेने मानतात. इतिहासकारांना हे मान्य आहे असे नाही, आणि कथा ही कथा म्हणूनच ऐकावी. तरीही त्या राणीची समाधी गिम्हेत आहे, आणि भारतातून आलेल्या पाहुण्याला तिची गोष्ट तेथे हमखास ऐकायला मिळते.

जेवणाविषयी बोलल्यावाचून आपल्याकडील कोणतेही प्रवासाचे भाषण पुरे होत नाही. बुसानचे लाडके अन्न म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यात भात घालून दिलेला द्वेजी गुकबाप. दुसरे मिलम्योन, म्हणजे गव्हाच्या थंड शेवया. उत्तरेकडील निर्वासितांना आपल्या गावच्या कुट्टूच्या शेवया हव्या होत्या. कुट्टू मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या त्यांनी केल्या. रस्त्यावर मासळीचे वडे आणि बियांचे सारण भरलेली गोड पोळी मिळते. साध्या खाणावळीत एका वाडग्याला सुमारे दहा हजार वॉन पडतात. लोणची, भाज्या यांच्या वाट्या त्यांतच येतात. गोव्याच्या किंवा वसईच्या मासेखाऊ माणसाचे तेथे उत्तम चालेल.

शाकाहारी मंडळींनी मात्र आधीच सावध असावे. भाजी दिसली तरी रस्सा बहुधा सुक्या मासळीचा असतो, आणि किमची ह्या लोणच्यात मासळीचा अर्क घातलेला असतो. "मांस नको" एवढे सांगून भागत नाही, कारण मासे म्हणजे मांस असे तेथे कोणी समजत नाही. म्हणून मांस, मासे, कोळंबी, त्यांचा रस्सा व अर्क यांतले काहीही नको, असे कोरियन भाषेत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. चिवडा, मेतकूट, खाकरे यांचा डबा बरोबर असला म्हणजे मन शांत राहते.

किरकोळ पण उपयोगी अशा काही गोष्टी एकदम सांगून टाकतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. भुयारी रेल्वे आणि बस यांसाठी टी-मनी नावाचे पत्र विकत घ्यावे. त्यात सामान्यतः रोख पैसे भरावे लागतात, आणि जवळच्या प्रवासाला सुमारे सोळाशे वॉन पडतात. गूगलचा नकाशा तेथे वर्षानुवर्षे अपुरा पडत आला आहे; नेव्हर किंवा काकाओ हे कोरियन नकाशे मोबाइलमध्ये आधीच घालून घ्यावेत. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि प्रवाशांच्या मदतीसाठी १३३० हे क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. बक्षिशी देण्याची रीत नाही. वडील माणसाला वस्तू देताना व घेताना दोन्ही हात लावावेत. रेल्वेच्या डब्यात वृद्धांसाठी राखलेल्या जागेवर बसू नये, आणि मोठ्याने बोलू नये. ही शेवटची सूचना आपल्यासाठी विशेष!

आणि एक गृहपाठ. निघण्यापूर्वी आठ दिवस रोज अर्धा तास कोरियन लिपी शिकावी. सेजोंग नावाच्या राजाने सामान्य प्रजेला वाचता यावे म्हणून ती पंधराव्या शतकात तयार करवली आणि १४४६ साली जाहीर केली. आज तिच्यात चौदा व्यंजने आणि दहा मूळ स्वर आहेत; व्यंजन आणि स्वर जोडून एकेक अक्षर बनते. बाराखडी गिरवलेल्या मराठी माणसाला ही रचना एका बैठकीत उमगते. अर्थ कळणार नाही. परंतु स्थानकाची पाटी, बसवरचे नाव, खाणावळीतला पदार्थ वाचता येऊ लागला, की परका मुलूख निम्म्याने जवळ येतो. त्याच्या जोडीला दोन शब्द : भेटल्यावर "आन्न्योंगहासेयो" आणि निरोप घेताना "काम्साहाम्निदा", म्हणजे आभारी आहे. उच्चार चुकला तरी समोरचा चेहरा फुलतो.

एवढे सगळे सांगूनही बुसानमधील बरेच मी वगळले आहे. संग्रहालये, चित्रपट महोत्सव, उष्णोदकाची स्नानगृहे, आणखी चार किनारे. ते मुद्दाम वगळले. तीन दिवसांत एखादे शहर समजत नाही. त्याची ओळख होते. ज्या शहराने आपल्या देशातील बेघर झालेल्या माणसांना डोंगरावर का होईना, पण जागा दिली, त्याची ओळख एखाद्या पायरीवर स्वस्थ बसून करून घेण्यासारखी आहे. उरलेले पुढच्या फेरीसाठी राहू द्यावे. आपला प्रवास सुखाचा होवो.